मराठी माध्यमातून एसएसएलसी देताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी शाळांमधून दरवर्षी मुलं एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, बसतात. निकाल लागला, एखादा विषय राहिला की घरात एकच वाक्य ऐकू येतं, 'अभ्यास कमी पडला.' विषय तिथंच मिटतो. पण उत्तरपत्रिकेची प्रत मागवून मुलाला शेजारी बसवून बघितलं की पुष्कळदा वेगळंच दिसतं. पोरानं अभ्यास केलेला असतो, पण दुसऱ्याच राज्याच्या गाईडातून. किंवा उत्तर येत असतं, पण प्रश्नातला शब्द कळलेला नसतो. किंवा लेखी पेपर बरा गेलेला असतो आणि वर्षभराचे अंतर्गत गुण हातचे घालवलेले असतात.

मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांचे संध्याकाळचे वर्ग घेते. हुशार मुलं हुशारीला साजेसे गुण न मिळता बाहेर पडताना बघणं फार जड जातं, कारण यातल्या बऱ्याच चुका जून-जुलैतच थांबवता येतात. मराठी माध्यम आणि कर्नाटक बोर्ड या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काही अडचणी फक्त आपल्याच मुलांच्या वाट्याला येतात. कन्नड माध्यमाच्या मुलाला त्या नसतात, कोल्हापूरच्या मुलालाही नसतात. म्हणून त्या कुणी सांगतही नाही.

महाराष्ट्राचं गाईड घेऊन अभ्यास करणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. दहावीचं मराठीतलं गाईड हवं म्हणून मामा कोल्हापूरहून किंवा गडहिंग्लजहून एक जाडजूड संच घेऊन येतो. प्रेमानं आणलेला असतो, महागही असतो. मुलगा तो वर्षभर घोकतो. आणि मार्चमध्ये पेपर हातात पडतो तो वेगळ्याच अभ्यासक्रमाचा.

कर्नाटकात गणित आणि विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमावर आहेत. महाराष्ट्राची पुस्तकं बालभारतीची, वेगळ्या रचनेची. महाराष्ट्रात गणिताचे दोन भाग आणि दोन पेपर, विज्ञानाचेही दोन. आपल्याकडे गणिताचा ८० गुणांचा एकच पेपर, विज्ञानाचाही ८० चा एकच, त्यात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही.

आता धडे बघा. महाराष्ट्राच्या दहावीच्या गणितात 'अर्थनियोजन' आहे, जीएसटी आणि शेअर्सची गणितं आहेत. आपल्या पुस्तकात हा धडाच नाही. त्यांच्या विज्ञानात 'गुरुत्वाकर्षण', 'अवकाश मोहिमा', 'प्राण्यांचे वर्गीकरण', 'आपत्ती व्यवस्थापन' हे धडे आहेत. एनसीईआरटीच्या रचनेत गुरुत्वाकर्षण नववीत येऊन जातं. म्हणजे मुलानं दिवाळीच्या सुट्टीत जे चार धडे पक्के केले, त्यांना मार्चमध्ये एक गुणही नाही. उलट मानवी डोळा, नियंत्रण आणि समन्वय, विद्युतधारेचे चुंबकीय परिणाम या धड्यांतून नेमकं काय आणि किती खोल विचारतात, ते त्या गाईडात आपल्या पेपरला हवं तसं सापडत नाही.

समाजविज्ञानात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाराष्ट्रात इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल. कर्नाटकात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययन असे सहा विभाग एकाच पेपरात. इतिहासात ब्रिटिश सत्तेला कर्नाटकातून झालेल्या विरोधाचा धडा आहे: हैदर अली, टिपू, धोंडिया वाघ, कित्तूरची राणी चन्नम्मा, संगोळ्ळी रायण्णा, सुरपूर, हलगलीचे बेडर. रायण्णाला फाशी दिली ती आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, १८३१ साली. त्याची समाधी तिथं आहे. नंदगडच्या आसपासचा मुलगा रोज ज्या रस्त्यानं शाळेला जातो, त्यावरचा प्रश्न त्याला महाराष्ट्राच्या गाईडात मिळणार नाही.

मग करायचं काय? कर्नाटक सरकारनं छापलेलं मराठी माध्यमाचं पाठ्यपुस्तक हाच पाया धरा. सरकारी शाळेत ते मोफत मिळतं. शाळा सुरू झाल्यावर एखाद्या विषयाचं पुस्तक यायला उशीर झाला, तर कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीच्या वेबसाइटवर मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये असतात. ती मोबाइलवर उतरवून घ्या आणि पहिले दोन-तीन धडे झेरॉक्स काढा. आठवडाभरही थांबू नका. सरावासाठी कर्नाटक शालेय परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या वेबसाइटवरच्या नमुना प्रश्नपत्रिका आणि मागच्या वर्षांचे पेपर घ्या. मराठीतली जुनी प्रश्नपत्रिका सापडली नाही तर इंग्रजीतली घ्या. आकडे आणि आकृत्या त्याच असतात, प्रश्नांचा साचाही कळतो.

तो साचा कळणं फार महत्त्वाचं आहे. गेल्या काही वर्षांच्या गणिताच्या पेपरात ३८ प्रश्न असतात: ८ बहुपर्यायी आणि ८ एका वाक्यातले, प्रत्येकी १ गुण, मग २ गुणांचे ८, ३ गुणांचे ९, ४ गुणांचे ४ आणि ५ गुणांचा १. बेरीज करून बघा, बरोबर ८० होते. एक आणि दोन गुणांच्या प्रश्नांचेच ३२ गुण झाले. कच्च्या मुलाला हे दाखवलं की त्याच्या चेहऱ्यावरचं दडपण उतरतं. त्याला सगळं गणित नको असतं, कुठून सुरुवात करायची एवढं कळलं की पुरे.

आणि कोल्हापूरहून आलेला तो संच टाकून द्या असं मी म्हणत नाही. समान धड्यांची जादा उदाहरणं सोडवायला तो चांगला आहे. एपी (अंकगणिती श्रेढी), वर्गसमीकरणं, संभाव्यता, त्रिकोणमिती दोन्हीकडे आहे. फक्त आधी अनुक्रमणिका समोरासमोर ठेवून, आपल्याकडे नसलेल्या धड्यांवर पेन्सिलनं फुली मारा. संज्ञांच्या बाबतीतही सावध राहा. एकाच कल्पनेला दोन्ही राज्यांच्या पुस्तकांत नेहमी एकच शब्द असेल असं नाही. प्रश्नपत्रिकेत शब्द येतो तो आपल्या पुस्तकातला.

नावाचं स्पेलिंग 'नंतर बघू' म्हणून सोडून देणं

एसएसएलसीचं मार्क्स कार्ड हा जन्मभराचा कागद आहे. पासपोर्ट, सैन्यभरती, नोकरी, सगळीकडे तोच मागतात. आणि आपल्या भागात नावांचा घोळ जास्त होतो, कारण नाव तीन लिप्यांतून फिरतं. घरी मराठीत, शाळेच्या रजिस्टरला कन्नडमध्ये, आणि एसएटीएसवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, इंग्रजीत.

ज्ञानेश्वर हे नाव घ्या. आधारवर ते महाराष्ट्राच्या पद्धतीनं 'डी-एन-वाय' नं सुरू होतं. शाळेत कन्नडवरून इंग्रजी करताना ते 'जे-एन' नं किंवा 'जी-एन' नं सुरू होतं. दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर असतात, पण कागदावर ती दोन वेगळी मुलं होतात. सविता, सुनीता, लता, ज्योती या नावांत दक्षिणेकडच्या पद्धतीनं 'टी' च्या पुढे 'एच' लागतो, आधारवर तो नसतो. वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा क्रम बदलतो. आडनाव कुठं पूर्ण असतं, कुठं नुसतं एक अक्षर.

एसएसएलसीची नोंदणी शाळेच्या लॉगिनवरून, एसएटीएसच्या माहितीवरून होते. मग विद्यार्थ्यांची यादी तपासायला शाळेकडे येते आणि दुरुस्तीला ठरावीक मुदत असते. ही मुदतच आपली संधी. एका आईला मी त्या वेळी शाळेत बघितलं होतं. हातात आधार, रेशनकार्ड आणि जन्मदाखला, तिन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत. त्या यादीवर बोट ठेवून विचारत होत्या, "सर, ह्यात 'एच' जास्तीचा पडलाय न्हवं? असं चाललं काय?"

मुख्याध्यापक म्हणाले, "आत्ताच आला ते बरं झालं मावशी. आत्ता दुरुस्ती माझ्या हातात आहे. मार्क्स कार्ड छापून आल्यावर मग बेंगळूरला पाठवायला लागतंय."

ही मावशी लिहायला-वाचायला फारशी शिकलेली नव्हती. तिनं प्रत्येक अक्षर आधारशी जुळवून बघितलं होतं. शिकलेले पालक मात्र यादीवर न बघता सही करून मोकळे होतात.

दहावीत जाण्याआधी, म्हणजे नववीच्या शेवटीच, चार गोष्टी जुळवा: शाळेचं प्रवेश रजिस्टर, एसएटीएस, आधार आणि जन्मदाखला. रजिस्टर बरोबर आणि आधार चुकीचं असेल तर आधार बदलणं सोपं. रजिस्टरच चुकीचं असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पुरावे जोडा आणि पोच घ्या. जन्मतारखेचा फरक असेल तर एक दिवसही दवडू नका. मार्क्स कार्डावर छापल्यानंतर जन्मतारीख बदलायची म्हणजे प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

त्याच यादीवर भाषा आणि माध्यमही तपासा. मराठी ही प्रथम भाषा म्हणून नोंदलेली आहे ना, माध्यम मराठी आहे ना, द्वितीय आणि तृतीय भाषा शाळेत शिकता त्याच आहेत ना. हे चुकलं तर परीक्षेच्या दिवशी दुसरीच प्रश्नपत्रिका समोर येते.

बोलता येतं म्हणून कन्नड सोपं समजणं, किंवा येतच नाही म्हणून सोडून देणं

दोन टोकं दिसतात. बेळगाव शहरातला मुलगा बाजारात, बसमध्ये कन्नड ऐकून मोठा झालेला असतो. त्याला वाटतं, आपल्याला येतं. कणकुंबी-जांबोटीकडच्या वाडीवरच्या मुलाच्या कानावर कन्नड क्वचित पडतं. त्याला वाटतं, आपल्याला जमणारच नाही. पेपरात दोघंही अडकतात, पण कारणं वेगळी असतात.

शहरातल्या मुलाचं लेखन कच्चं असतं. मराठीत जोडाक्षरात पहिलं अक्षर अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण लिहून दुसरं खाली जोडतात. आपली मुलं घाईत मराठीच्या सवयीनं उलटं करतात आणि शब्दच बदलतो. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आहेत. मराठीत हा भेद नाही, त्यामुळे कानाला तो कळत नाही आणि हात नेहमी एकच खूण काढतो. लिंगाचंही तसंच. मराठीत बस येते, गाडी येते, म्हणून मुलगा 'बंदळु' लिहितो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू आणि प्राणी नपुंसक, तिथं 'बंदितु' हवं. वहीत या तीन चुकांना लाल गोल करून महिनाभर फक्त त्यांच्यावर काम केलं तरी लेखन डोळ्याला दिसेल इतकं सुधारतं.

वाडीवरच्या मुलाचा मार्ग वेगळा. त्याला आधी लिपी वाचता आली पाहिजे, अडखळत का होईना. आठवीत हे झालं नसेल तर दहावीच्या जूनमध्ये रोज दहा ओळी मोठ्यानं वाचायला लावा, अर्थ नंतर. मग पाठांतराची कविता, पत्राचा साचा, ठरावीक विषयांचे छोटे निबंध. हे गुण तयारी केली की हमखास मिळतात. पत्रात तारीख, पत्ता, मायना, शेवट हे जागच्या जागी असलं तरी काही गुण पडतात. कोरं पान मात्र कधीच सोडू नये.

इथं पालकांना मनापासून सांगायचं आहे. सीमाप्रश्नाबद्दल घराघरात भावना तीव्र आहेत आणि त्या मी समजू शकते, माझ्याही आहेत. पण त्याचा भार पंधरा वर्षांच्या मुलाच्या कन्नडच्या पेपरावर टाकू नका. 'कन्नड काय कामाचं' हे वाक्य घरात ऐकलेलं मूल पुस्तक उघडतच नाही, आणि एका विषयानं त्याचा निकाल अडतो. मराठी शाळा टिकवायची असेल तर तिथून चांगल्या गुणांनी पास होऊन बाहेर पडणारी मुलं दिसली पाहिजेत. पुढच्या वर्षी पहिलीत नाव घालणारे पालक तेच बघतात.

६२५ चा हिशेब न कळणं

प्रथम भाषा १२५ गुणांची: १०० लेखी, २५ अंतर्गत. उरलेले पाच विषय १०० चे: ८० लेखी, २० अंतर्गत. एकूण ६२५.

यातून दोन गोष्टी निघतात. आपल्या मुलांसाठी सर्वांत जास्त गुणांचा विषय मराठी आहे, आणि 'मराठी काय, येतंच' म्हणून सर्वांत कमी अभ्यास त्याचाच होतो. व्याकरण, वृत्त, अलंकार, कवितेचं रसग्रहण यावर पंधरा-वीस गुण सहज वाढतात. दुसरं म्हणजे अंतर्गत गुण सगळे मिळून १२५ होतात. ते वर्षभरातल्या आकारिक चाचण्या आणि उपक्रमांवरून येतात. ऊसतोडीच्या हंगामात किंवा काजू-आंब्याच्या दिवसांत मूल आठवडाभर शाळेत गेलं नाही आणि नेमकी चाचणी बुडाली, तर परत आल्यावर लगेच सरांना भेटून ती द्यायची मागणी करा. जानेवारीत विचारून उपयोग नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्या नातेवाइकांकडून 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांचीच टक्केवारी धरणं, ऐकून काही मुलं एक विषय सोडून देतात. तो नियम तिथला. इथं सहाही विषय धरले जातात. उत्तीर्णतेची अट ऑक्टोबर २०२५ मध्ये ३५ वरून ३३ टक्क्यांवर आणल्याचं शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं, पण प्रत्येक विषयात किमान गुणांची अट असतेच. एका विषयात ते किमान गुण पडले नाहीत, तर दुसऱ्यात भरघोस मिळवून ती कसर भरून निघत नाही.

परीक्षेच्या खोलीत

प्रश्नपत्रिका हातात आली की आधी वर छापलेला कोड बघा. गणिताचा ८१, विज्ञानाचा ८३, समाजविज्ञानाचा ८५, आणि त्यापुढे माध्यमाचं अक्षर. मराठी माध्यमाची मुलं कमी असलेल्या केंद्रावर चुकून दुसऱ्या माध्यमाचा संच हातात येऊ शकतो. मूल घाबरून तसंच बसून राहतं. लगेच उभं राहून सांगायला घरी सराव करून घ्या. कन्नडमध्ये एक वाक्य पाठ असू द्या, कारण पर्यवेक्षकांना मराठी येत असेलच असं नाही.

वाचनासाठी पहिली १५ मिनिटं असतात. ती वाया घालवू नका. मराठीतला प्रश्न भाषांतरामुळे अवघड वाटला तर आधी आकडे, आकृती आणि गुण बघा. किती गुणांचा आहे यावरून काय विचारलंय त्याचा अंदाज येतो. विज्ञानाच्या महत्त्वाच्या संज्ञांचे इंग्रजी शब्दही वर्षभर सोबत शिकावेत असं मी सगळ्या मुलांना सांगते. अडलेल्या ठिकाणी ते उपयोगी पडतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की पहिल्या दिवसापासून लागतात. प्रश्न खरोखरच चुकीचा छापलेला असेल तर जे समजलं त्यानुसार उत्तर लिहा, प्रश्न क्रमांक घाला. पेपर झाल्यावर मंडळ आदर्श उत्तरं वेबसाइटवर टाकतं आणि हरकती मागवतं. हरकत नोंदवायची मुदत अगदी थोडी असते, त्यामुळे त्याच दिवशी विषयशिक्षकांना प्रश्न दाखवा. मराठी पेपरातली चूक मराठी शाळांनीच दाखवली पाहिजे, दुसरं कोण दाखवणार?

समाजविज्ञानात भारताचा नकाशा हातानं काढून त्यात ठिकाणं दाखवायला सांगतात. छापील रेखाटन मिळेल अशा भरवशावर राहू नका. ऑगस्टपासून आठवड्याला दोन नकाशे काढले तर मार्चपर्यंत हात आपोआप वळतो. गुजरातचा तो बाहेर आलेला भाग आणि ईशान्येची अरुंद वाट, एवढं जमलं की बाकीचं जमतं.

कॉपीबद्दल थोडक्यात. २०२४ पासून एसएसएलसीच्या खोल्यांत कॅमेरे आणि वेबकास्टिंग आहे. 'आमचं सेंटर सैल असतंय' ही जुनी समजूत घेऊन जाणाऱ्या मुलांचं त्या वर्षी फार नुकसान झालं. राज्याचा निकाल २०२३ ला ८३.८९ टक्के होता, तो २०२४ ला ७३.४० वर आला, आणि तोही वाढीव ग्रेस गुण देऊन. ते वाढीव ग्रेस पुढं बंद झाले.

गुंजी, लोंढा, कणकुंबीकडच्या मुलांनी बसची वेळ आदल्या आठवड्यात जाऊन बघावी. परीक्षेच्या दिवशी हॉल तिकीट दाखवलं की परिवहनच्या बसमध्ये मोफत प्रवासाची सोय गेली काही वर्षं आहे, पण बसच कमी असतात. केंद्राच्या गावात आत्या-मावशी असेल तर पेपरांच्या दिवसांत तिथंच मुक्काम करणं बरं. हॉल तिकिटाच्या दोन झेरॉक्स घरी ठेवा.

पाचवी, आठवी, नववीच्या 'बोर्डा'ची भीती घालणं

२०२२-२३ मध्ये राज्यानं पाचवी आणि आठवीला राज्यपातळीवरची परीक्षा आणली, पुढच्या वर्षी नववी आणि अकरावीही त्यात घेतली. त्यावर कोर्टात मोठी ओढाताण झाली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयात निर्णय फिरत राहिला, परीक्षा सुरू होऊन मध्येच थांबली, पुन्हा झाली, आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल जाहीर करायला स्थगिती दिली. या सगळ्यात लहान मुलांची झोप उडाली ती व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमुळे.

पालकांची चूक इथं अशी होते की मेसेज खरा मानून दहा वर्षांच्या मुलाला 'नापास केलं तर शाळा बंद' असं सांगतात, शिकवणीला घालतात, गाईड आणतात. कोणतंही परिपत्रक कन्नडमध्ये येतं. ते समजलं नाही तर मुख्याध्यापकांना किंवा सीआरपींना (आसपासच्या शाळांच्या गटाचं काम बघणाऱ्या शिक्षण खात्याच्या माणसाला) भेटून नीट अर्थ विचारा. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत परिपत्रक मराठीत वाचून दाखवण्याची मागणी करा. समितीत पालकच असतात, ही मागणी रास्त आहे.

एनएमएमएस पास होऊनही पैसे न मिळणं

एनएमएमएस ही आठवीतल्या मुलांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी मुलं ओएमआर उत्तरपत्रिकेवर (जिथं गोल रंगवायचे असतात) गोल रिकामे सोडून येतात. एकही रिकामा ठेवू नये. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही.

पण परीक्षेत निवड झाली की पैसे आपोआप येतील असं घरी समजतात. तसं होत नाही. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा असतो, शाळेनं आणि वरच्या ऑफिसनं तो तपासायचा असतो, आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं असतं. बँक खातं मुलाच्या नावावर, आधारशी जोडलेलं हवं. नाव इथंही जुळलं पाहिजे, तोच 'एच' इथंही आडवा येतो. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (आपल्या भागातल्या महसूल कार्यालयातून) आधीच काढून ठेवा. अकरावीला शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत साधारण ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना थोडी सूट आहे.

निकाल लागल्यावर रडत बसणं किंवा गप्प बसणं

गुण अपेक्षेपेक्षा फार कमी वाटले तर आधी त्या विषयाच्या उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत मागवा. ती घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. प्रत आली की एकट्यानं बघू नका, त्या विषयाच्या सरांना दाखवा. बेरीज चुकली आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, पुरवणीचं पान सगळं आलं आहे का, हे तीन प्रश्न आधी. बेरजेची चूक असेल तर फेरबेरीज पुरते, मूल्यांकनाबद्दल शंका असेल तरच पुनर्मूल्यांकनाचे जादा पैसे भरा. या सगळ्याला मोजके दिवस असतात, आणि त्याच दिवसांत घरातली लग्नं, गावची जत्रा असते. म्हणून निकालाच्या दिवशीच मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा.

विषय राहिला तर वर्ष गेलं असं आता नाही. २०२३-२४ पासून एसएसएलसीच्या एकाहून जास्त परीक्षा होतात, आणि जास्त गुण असतील ते धरले जातात. यंदा किती आणि कधी हे मंडळाच्या वेळापत्रकात बघा. पास झालेलं मूलही गुण वाढवण्यासाठी पुढची परीक्षा देऊ शकतं. फेरतपासणीचा निकाल येईपर्यंत थांबून पुढच्या परीक्षेचा अर्ज चुकवणारी मुलं दर वर्षी असतात. दोन्ही अर्ज एकाच वेळी भरा. शाळा उन्हाळ्यात बंद असली तरी मुख्याध्यापकांचं लॉगिन चालू असतं. फोन करून भेटायची वेळ ठरवा, हॉल तिकीट, मार्कांची प्रिंट आणि फीचे पैसे घेऊन मुलालाच सोबत न्या, म्हणजे अर्जावर विषय बरोबर पडला की नाही ते त्याला स्वतः बघता येईल.